घारीची कॉलर

४ जानेवारी

लेखकमहाशय,

तुझा निरोप मिळाला. थेट लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून स्टुडिओतल्या त्या दुरुस्तीवाल्या मुलीच्या तोंडून पाठवलास. बिचारीने तो कागदावरून वाचून दाखवला. "त्यांनी भावनेच्या आहारी जाऊ नये आणि एकही शब्द बदलू नये, अशी लेखकांची विनंती आहे." मग मान वर करून म्हणाली, "मॅडम, तुमचं आणि सरांचं काही... म्हणजे मला माहीत असायला हवं असं काही आहे का?"

मी म्हटलं, "आमचं लग्न झालं होतं."

"अय्या!" म्हणाली. आणि मग घाईघाईने, "म्हणजे, सॉरी."

बरं वाटलं मला. आपल्या लग्नाला इतकी नेमकी प्रतिक्रिया आजवर कुणी दिली नव्हती.

'तू' म्हणतेय म्हणून दचकू नकोस. लग्नाआधी स्टुडिओत तू 'अरे'च होतास. 'अहो' तुझ्या आईसाठी होतं, आणि ती गेली तेव्हा मी ते तिच्याबरोबरच पाठवून दिलं.

मुलीने मला सगळं समजावून सांगितलं. आपल्या जुन्या कार्टून मालिकेची, 'तेरावी पलटण'ची चित्रं वरच्या कोरड्या खोलीत होती, ती शाबूत आहेत. आवाजाच्या टेपा मात्र कुणी हुशार माणसाने तळघरात ठेवल्या. ओल आली आणि शेवटच्या भागांच्या टेपा एकमेकींना चिकटून त्यांचा खरवस झाला. आता शिपाई पळतात, रणगाडे आग ओकतात, विमानं कोसळतात, सगळं मुक्याने. कप्तानाचा आवाज देणारा माणूस राहिला नाही, त्याच्यासाठी एक नकलाकार आणलाय. जाड्या सुभेदाराला आता ऐकू येत नाही, पण ओरडता अजून येतं. आणि शत्रूची सेनापती, जनरल घार? ती आहे. दातही तिचे स्वतःचे आहेत.

वर्धापनाचा मोठा सोहळा आहे म्हणे. सभागृह घेतलंय. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुझी. शेवटचा भाग पडद्यावर दाखवणार, त्यातलं ते दृश्य, आणि त्यातली ती विनवणी, जी लोक अजून एकमेकांना म्हणून दाखवतात आणि हसतात. ती माझ्याच आवाजात हवी.

मी होकार दिलाय. करारावर सहीही केली. आता तू विचार करत बसशील, ही इतक्या सहज 'हो' कशी म्हणाली. बस विचार करत. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्यात माझं तरुणपण गेलं, तू निदान एक महिना काढ.

घार


१७ जानेवारी

ती मुलगी एक पुस्तिका करतेय, 'पलटणीच्या पडद्यामागे' अशी काहीतरी. मालिकेच्या चाहत्यांना बारीकसारीक माहिती हवी असते. मोठी झालेली माणसं, टक्कल पडलेली, पोरंबाळं असलेली, आणि त्यांना अजून प्रश्न पडतो की शत्रूचा रणगाडा नेहमी डावीकडेच का वळायचा. मी सांगितलं, कारण तो एकाच बाजूने काढला होता. पारदर्शक कागद उलटा केला की रणगाड्यावरचा आकडाही उलटा दिसायचा. आणि नवा रणगाडा काढायला चित्रकाराला वेळ नव्हता, त्याला आधीच गवत काढायचं होतं.

"गवत?" तिने विचारलं.

"अगं, पलटण कायम गुडघाभर गवतातून का चालते? बूट काढायला लागू नयेत म्हणून."

काय हसली! आणि प्रत्येक कोसळत्या विमानातून हवाई छत्री का बाहेर पडते, तेही सांगितलं. मुलांच्या मालिकेत कुणी मरायचं नाही असा वाहिनीचा दंडक होता. एवढं मोठं युद्ध, आणि दोन्ही बाजूंना साधी सर्दीही नाही. एकदा चित्रकार छत्री काढायला विसरला, तर पुढच्या भागात तुला एक वाक्य घालावं लागलं, "वैमानिक नदीत पडला, पोहत घरी गेला." आठवतं? त्यावर आपण दोघं किती हसलो होतो. त्या वेळी मला तू आवडायचास. हे मी तिला सांगितलं नाही.

मग तिने कॉलरचं विचारलं. जनरल घारच्या कोटाची कॉलर नाकापर्यंत का? भीतीदायक दिसावं म्हणून का?

म्हटलं, "तोंड काढायला लागू नये म्हणून." तोंड हलवणं हे सगळ्यात किचकट काम. आवाज आधी घ्यायचा, मग चित्रकार समोर आरसा ठेवून, टेप मागेपुढे करत, एकेका अक्षराचे ओठ काढणार. घार तर सतत बोलायची. म्हणून तिला कॉलर. कॉलरीआड काहीही बोललं तरी चालतं, चित्र आधी काढून आवाज मागून भरला तरी.

आणि तू मला काहीही बोलायला लावलंस.

पहिल्यांदा लक्षात आलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो. संहिता हातात, कानांवर हेडफोन, समोर पडद्यावर घार आपल्या शिपायांना झापतेय. मी वाचलं, "मी भिंतीशी बोलते का? भिंतीला निदान ओल तरी येते!" आणि माझी जीभ अडखळली. ते मी मागच्याच आठवड्यात तुला म्हटलं होतं, आपल्या स्वयंपाकघरात, हातात ओलं फडकं होतं माझ्या. काचेपलीकडे सगळे खो खो हसत होते. आवाजवाला तर शिपायांच्या पावलांचा आवाज काढायची मोजे भरलेली पेटी सोडून पोट धरून बसला. तूही हसत होतास.

मला तेव्हा वाटलं, गंमत म्हणून एकदा घेतलं असेल. घरी येऊन मी तुला चिमटाही काढला, "माझ्या वाक्याचं मानधन?" तू म्हणालास, "तुझ्या बोलण्यात लय आहे." मी खूश झाले. मूर्ख बाई.

मग दर भांडणानंतर मी दचकायला लागले. मी बोलायचे, तू कप हातात घेऊन ऐकत राहायचास. एक शब्द उलटून नाही. मी मैत्रिणींना सांगायचे, माझा नवरा फार शांत आहे, सगळं ऐकून घेतो. तू ऐकून घेत नव्हतास रे. तू पिकाला पाणी घालत होतास. भांडण माझं, जळफळाट माझा, रडणं माझं, आणि आयत्या बिळावर तू नागोबा.

यातलं काहीच मी मुलीला सांगितलं नाही. तिने लिहून घेतलं, "कॉलर: तोंडाचं काम वाचावं म्हणून." पहिल्या पानावर घेणार आहे म्हणाली.

घार


२ फेब्रुवारी

पत्र आलं तुझं. म्हणजे पात्रांच्या आडून न बोलताही लिहिता येतं तर तुला.

तुझं म्हणणं असं की लेखक कान उघडे ठेवतो, ऐकतो ते लिहितो, त्यात कुणाचं काही चोरीला जात नाही. शिवाय, "त्या भूमिकेने तुला घराघरांत पोचवलं हे विसरू नकोस."

नाही विसरले. घराघरांत पोचले, फक्त माझ्या घरातून बाहेर पडले.

तुला कधी कळलंच नाही, तेव्हा आता सांगते. मी दुकानात गेले आणि "अर्धा किलो द्या" म्हटलं की पुढ्यातलं मूल आईच्या मागे लपायचं. बसमध्ये तिकीट मागितलं की मागून कुणीतरी घारीची शीळ घालायचं. पहिल्यांदा मजा वाटली, हे कबूल. नंतर मी बोटं दाखवून वस्तू मागायला लागले. लोकांना मी मुकी वाटायचे आणि ते जास्त प्रेमाने वागायचे.

आणि तू लेकीला घेऊन गेल्यावर जी सुनावणी झाली, ती? तिथली समुपदेशक बाई मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं बाई, तुम्ही त्या होय! माझी मुलं तुमचा आवाज आला की पलंगाखाली जातात." हसत म्हणाली, कौतुकानेच. तिच्या शेजारचा कारकूनही हसला. त्याच टेबलावर माझी पोर कुणाकडे राहणार ते ठरायचं होतं.

मी ठरवलं, या खोलीत घार येऊ द्यायची नाही. आवाज चढवायचा नाही. रडायचंही नाही, कारण दुसऱ्या भागात तू घारीला रडवलं होतंस आणि तेही लोकांना पाठ होतं. मी इतकी हळू बोलले, इतकी सपाट बोलले, की मला दोनदा सांगावं लागलं, "मोठ्याने बोला." आणि निकालात काय आलं? आईच्या बोलण्यात मुलीविषयी ओढ दिसून आली नाही.

तू बाजूच्या खुर्चीत होतास. तुला माहीत होतं मी अशी का बोलतेय. या जगात ते फक्त तुला माहीत होतं. एक वाक्य तू बोलला असतास तर पुरलं असतं. वाक्यांची तुला कधी ददात नव्हती.

म्हणून मला कीर्ती दिल्याचं सांगू नकोस. आणि पत्राच्या शेवटी हळूच विचारलंयस, "तू सोहळ्यात काही तमाशा तर करणार नाहीस ना?" चोराच्या मनात चांदणं. तमाशा करत नाही मी. मला जे काम दिलंय ते चोख करीन. तुझा एकही शब्द बदलणार नाही.

घार


११ फेब्रुवारी

आज तो शेवटचा भाग बघितला, आवाजाशिवाय.

तो भाग निघाला त्यानंतर मी कधीच पाहिला नव्हता. पलटणीने घारीला घेरलंय. झटापटीत कॉलर फाटते आणि मालिकेत पहिल्यांदाच तिचं तोंड दिसतं. पडदाभर तोंड. इथे कॉलरीचा आडोसा नाही, प्रत्येक अक्षराला ओठ आहेत. म्हणूनच तुम्हां सगळ्यांना माझी गरज पडली, आधी बोलावलेल्या नकलाकारणीला ते जमेना.

मुलगी म्हणाली, "किती जिवंत काढलंय ना! बघा, बोलायच्या आधी खालचा ओठ दातांत धरते."

ते संहितेत नव्हतं. माइकसमोर मी ओठ चावला असणार आणि चित्रकाराने तो काचेतून पाहून जसाच्या तसा काढला. त्याला काय माहीत तो काय काढतोय. बाहेर पडून मी जिन्यात बसले. त्या ओठाचं मला इतकं वाईट वाटलं, जसं दुसऱ्या कुणाच्या ओठाचं वाटावं.

मग वर गेले आणि तिला म्हटलं, "तुझ्या पुस्तिकेसाठी आणखी एक गोष्ट आहे."

आता तुला आधीच सांगून ठेवते, कारण तुला अवचित कळण्यात मला गोडी नाही. सोहळ्याची वाट बघताना उडालेली तुझी झोप मला हवी आहे. मी तिला त्या दाराबद्दल सांगितलं.

तू पेटी घेऊन निघालास तो दिवस. दार उघडं, लेक बूट घालून तयार. मी आडवी आले आणि म्हणाले ते म्हणाले: "मला टाकून जाऊ नका. तुम्ही म्हणाल तशी राहीन. माझ्या माणसांपासून मला तोडू नका, मी बदलेन." आणि तू थांबलास. पेटी खाली ठेवलीस. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन तू कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतंस. हळूच म्हणालास, "पुन्हा म्हण."

मला वाटलं, विरघळला. मी पुन्हा म्हटलं. तू म्हणालास, "शेवटचं काय? मी बदलेन, का मी बदलीन?" मी म्हटलं, बदलेन. "सगळं सलग म्हण." मी सलग म्हटलं, रडत रडत, आशेने. तुझे ओठ हलत होते माझ्याबरोबर. मग मान हलवलीस, पेटी उचललीस आणि लेकीचा हात धरून निघून गेलास.

काही आठवड्यांनी शेवटच्या भागाची संहिता आली. करार मोडायला माझ्याकडे बळ नव्हतं. ते सगळं मी माइकसमोर म्हटलं, आणि समोर आधीच काढून ठेवलेले पलटणीचे शिपाई हसतायत, तोंडं वासून, तेवढी तोंडं मात्र चित्रकाराने हौसेने काढली होती.

मुलीने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, मी छापीन. पण फक्त तुमच्या शब्दावर नाही छापू शकत. ते नाकारतील. तिथे आणखी कुणी होतं?"

होतं. बूट घालून उभी होती.

घार


१९ फेब्रुवारी

किती घाई! एका आठवड्यात तुझी दोन पत्रं आणि एक फोन, तोही स्टुडिओत. मुलीने सांगितलं, सर म्हणतायत ते वाक्य आता जुनाट वाटतं, बदललं तरी हरकत नाही, काढूनच टाकलं तर आणखी बरं.

मी तिला तुझ्या पहिल्या निरोपाची आठवण करून दिली. एकही शब्द बदलू नये, अशी लेखकांची विनंती आहे. करारातही घातलंय ते, तुझ्याच आग्रहावरून. आम्ही कलावंत माणसं, लेखकाचा मान राखतो.

रेकॉर्डिंग झालं. एका झटक्यात दिलं, ओठाला ओठ लावून. मुलगी काचेपलीकडे डोळे पुसत होती. मी नाही रडले. माझा हिशेब एवढाच होता की ते ऐकताना तुला त्यात कुठे एक भेग सापडू नये, की 'हे नाटकी झालंय' असं शेजारच्याला म्हणता यावं.

बाकी सगळं आता लेकीवर आहे. दारातलं सगळं खरं आहे अशी सही देशील का, हे तिला मी पत्राने विचारलं, फोनवर विचारायचा धीर झाला नाही. तुझाही फोन तिला गेला असणार. तुला ओळखते मी.

घार


२६ फेब्रुवारी

काल दुपारी ती आली. न सांगता.

तुला हे लिहावं की नाही यावर मी सकाळभर भांडले स्वतःशी. पण ती जे बोलली ते आपल्या दोघांनाही होतं, आणि अर्धं स्वतःजवळ ठेवणं म्हणजे तुझ्यासारखं वागणं.

ती स्वयंपाकघरात बसली. पर्स खांद्यावरून काढली नाही.

"बाबांचा फोन होता," म्हणाली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू लहान होतीस, तुला आठवत नाही असं सांग."

"आणि आठवतं?"

"माझ्या बुटाची नाडी सुटली होती. तू बोलत होतीस आणि मला वाटत होतं, आता आई थांबेल आणि नाडी बांधेल. तू थांबेचना. ते म्हणत होते, पुन्हा म्हण, आणि तू पुन्हा म्हणत होतीस. मला वाटलं पाठांतर चाललंय. आपल्या घरी चालायचं ना, तू संहिता पाठ करायचीस आणि ते चुका काढायचे. तसं."

मी चहा ठेवायला उठले. पाठमोरं असणं बरं असतं अशा वेळी.

"तो भाग लागला तेव्हा आम्ही सगळे बसलो होतो. आत्या, आत्याची मुलं, बाबा. ते वाक्य आलं आणि सगळे हसले." पर्सचा पट्टा सारखा केला. "मी पण हसले, आई."

"लहान होतीस गं."

"हसले ना पण."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती आणि तुला तर नाहीच. तुझ्या घरात माझं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून ती रोज संध्याकाळी पलटण बघायची. घारीचं तोंड कॉलरीत असायचं, त्यामुळे आत आईचा चेहरा आहे असं धरून चालता यायचं. घार कुणाला झापायला लागली की ती पडद्याजवळ जाऊन बसायची. तुझी बहीण ओरडायची, डोळे खराब होतील. शेवटच्या भागात कॉलर फाटली आणि खाली भलतंच तोंड निघालं, हिरव्या ओठांचं. "तेव्हा तू गेलीस," म्हणाली. "दारातून निघालो तेव्हा नाही. तेव्हा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने ठेवू दिला. मला वाटलं, आता ही सही करणार. आणि खरं सांगते, तिचं ते सगळं ऐकतानाही माझ्या मनाचा एक कोपरा तुझ्या खुर्चीकडे, तुझ्या मानेकडे बघत होता, की बघ, आता कसा सापडलास.

तिने ते ओळखलं असावं. माझा हात हळूच बाजूला केला.

"तुम्हां दोघांनाही माझी आठवण हवीये," म्हणाली. "मी कुणालाच नकोय."

चहा न पिता गेली.

हे वाक्य मात्र कुठे वापरू नकोस. ते तिचं आहे.

सही केलेली नाही तिने. तू जिंकलास की काय ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की काल संध्याकाळपासून मी तुझा द्वेष नीट करू शकलेली नाही, आणि त्याबद्दलही राग तुझाच येतोय.


१५ मार्च

सोहळा झाला. तू माझ्याशी बोलला नाहीस, तेव्हा तुला न दिसलेलं सांगते. तुझी पाठ होती माझ्याकडे.

लेकीने आपल्या दोघांनाही न कळवता स्टुडिओतल्या मुलीला कळवलं होतं. मला फक्त एक ओळ पाठवली: "मी खरं ते सांगितलंय. यानंतर बाबांविषयी माझ्याजवळ एक अक्षर काढायचं नाही. त्यांनाही तुझ्याविषयी हेच सांगितलंय." मी उत्तर दिलं, शब्द देते. लगेच दिलं. इतकी महाग वस्तू मी कधी इतक्या पटकन घेतली नव्हती.

पुस्तिका प्रत्येक खुर्चीवर ठेवली होती. तू तुझी उचलून न बघता मांडीखाली घातलीस, ते मी वरच्या सज्ज्यातून पाहिलं. बाकीच्यांनी वाचली. वाचणारच, भाषणं लांबली होती ना. रणगाड्याजवळ हसले, गवताजवळ हसले, मग एकेकाचं हसू थांबत गेलं. कुठल्या पानावर कोण पोचलं ते मला वरून कळत होतं. त्या पानावर एवढंच छापलंय:

"शेवटच्या भागातली जनरल घारची विनवणी लेखकाने रचलेली नाही. लेखक घर सोडून निघाला तेव्हा त्याच्या पत्नीने, म्हणजे घारला आवाज देणाऱ्या कलावंतानेच, ती दारात केली होती. शब्द पक्के लक्षात राहावेत म्हणून लेखकाने तिला ती पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. तेव्हा तिथे असलेल्या त्यांच्या मुलीने याला दुजोरा दिला आहे."

त्याच्या खालीच हवाई छत्र्यांची माहिती आहे.

मग दिवे मालवले. लोक सुरुवातीला शिट्ट्या मारत होते, जाड्या सुभेदार पडला तेव्हा सभागृह दणाणलं. आणि मग कॉलर फाटली. घारीने ओठ चावला. मी बोलले, तुझे सगळे शब्द, त्याच क्रमाने. पडद्यावर शिपाई हसले. खाली कुणी हसलं नाही. शिपाई हसतच राहिले, कारण चित्रकाराने ते हसू भरपूर लांब ठेवलंय, तूच ठेवायला सांगितलं होतंस, लोकांच्या हशाला जागा मिळावी म्हणून. ती सगळी जागा रिकामी गेली. तू एकदा मागे वळून पाहिलंस. कुणाकडे, ते मला कळलं नाही. अंधार होता.

नंतर सह्यांचं टेबल. तुला वाटलं असेल कुणी येणार नाही. तीच तुझी चूक, चाहते म्हणजे चाहते. कप्तानाचा पोशाख घातलेला एक ढेरपोट्या माणूस सगळ्यांत पुढे होता. त्याने पुस्तिका उघडून तुझ्यापुढे ठेवली. तू पान उलटवून मुखपृष्ठावर सही करायला गेलास. त्याने पुन्हा तेच पान काढलं. "नाही नाही सर, इथे. हे पान सगळ्यात भारी आहे." भाबडा होता रे तो. त्याच्या मनात तुझ्याविषयी काही वाकडं नव्हतं. मागे रांग ढकलत होती. तू सही केलीस. मग पुढच्यानेही तेच पान उघडलं. एकाचं पाहून दुसरा, तशी सगळी रांग.

हे सुख मी इतकी वर्षं मनात शिजवलं होतं, आणि ते तसंच निघालं, जराही कमी नाही. लोक म्हणतात सूड घेतल्यावर पोकळी वाटते. मला वाटली नाही. मला माझ्या पाठीचा कणा जाणवला.

लेक तुझ्यामागे तुझा कोट हातावर घेऊन उभी होती. सोळाव्या का सतराव्या सहीला तिने तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला, सुरकुती झटकली आणि जिना चढून वर आली. रडलेली नव्हती. मला म्हणाली, "भूक लागलीये. कुठेतरी बसू या."

आम्ही रस्त्यापलीकडे एका साध्या खानावळीत बसलो. तिच्या कामाविषयी बोललो, तिच्या घरातल्या गळक्या नळाविषयी बोललो. तीनदा तू माझ्या ओठांवर आलास आणि तीनदा मी तुला पाण्याबरोबर गिळलं. जड आहेस. पण पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येणार आहे, नळाचा माणूस मीच शोधून देणार आहे, आणि त्या घरात आता आपल्या दोघांपैकी एकाचंच बोलणं होणार.

हे पत्र तिला दिलेल्या शब्दात बसतं का, मला माहीत नाही. बसत नसेल तर हे शेवटचं म्हणून बसव. यापुढे माझं बोलणं तुझ्या कानावर कुठूनही येणार नाही, लेकीकडूनही नाही, पडद्यावरूनही नाही. नवीन काही लिहायला घेतलंस तर ते तुझ्या स्वतःच्या डोक्यातून काढावं लागेल. बघ, काय निघतं ते.